देवांच्या कप्प्याचं कुलूप

गेल्या रविवारी तुमच्याशी व्हिडिओवर बोलत होते तेव्हा मी गाडीतच बसलेले होते. भाजी घेऊन नुकतीच परतले होते आणि पिशव्या उतरवायच्या होत्या. तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, आजी, तो समोरचा कप्पा लाल नाडीने कशाला बांधलाय? आणि त्याच्याभोवती ते पिवळं काय लागलंय? मी म्हटलं, कुलूप काढून टाकलंय. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. पुरतं सांगायला बसून लिहावं लागेल असं वाटलं, म्हणून लिहिते आहे. जे शब्द अडतील ते तुमच्या वडिलांना विचारा. त्यांनाही थोडी उजळणी होईल.

त्या कप्प्याला इंग्रजीत हातमोज्यांचा कप्पा म्हणतात. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण कलबुर्गी ते बिदरच्या रस्त्यावर हातमोजे घातलेला माणूस गाडी चालवताना मला अजून दिसायचा आहे. लोक त्यात फडकं, बडीशेप, जुनी बिलं असलं काहीबाही ठेवतात. आमच्या गाडीत त्या कप्प्यात देव बसतात. रोज नाही, वर्षातून एकच दिवस.

हे देव म्हणजे आपल्या घराण्याचे टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेल्या मूर्ती असतात, तळहातावर मावतील एवढ्या. एक घोड्यावरचा खंडोबा, एक देवी, आणि एक कुणी पूर्वज, ज्याचा चेहरा पुसून पुसून गुळगुळीत झालाय. माझ्या सासऱ्यांनी दोन मुलांच्या वाटण्या केल्या तेव्हा घर वाटलं, जनावरं वाटली, पण हळ्ळीखेडचं विहिरीजवळचं शेत आणि हे देव वाटले नाहीत. शेत दोघांचं सामाईक राहिलं. देव एक वर्ष थोरल्याकडे, एक वर्ष धाकट्याकडे राहतील असं ठरलं, आणि देवांची अदलाबदल व्हायची ती त्या सामाईक शेतात, येळवसीला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. तुम्ही ती पाहिलेली नाही, कारण तुमच्या सुट्ट्या तेव्हा संपत आलेल्या असतात. ज्वारी कणसात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, करडईची पानं बोचायला लागलेली असतात. त्या दिवशी आमच्या भागात सगळे शेतात जातात. ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात जातो. कडब्याची एक खोप करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. मडक्यातून आंबील न्यायची, म्हणजे ताकातलं ज्वारीचं पातळ पेय, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, खीर, आणि झाडून साऱ्या शेंगा-पाल्यांची एकत्र शिजवलेली भज्जी. पूजा झाली की पिकाभोवती आंबील शिंपडत फेरी मारायची आणि मग जेवायचं. गावात आणि बाजारात त्या दिवशी कुत्रं भेटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती कामाला येते.

आपल्या घरी क्रम असा आहे: आधी देवांना विहिरीच्या पाण्याने अंघोळ, मग त्यांना नैवेद्य, मग पांडवांना, मग माणसांना. ज्या घरी देव जायचे त्या घरच्या बाईने तोवर काही खायचं नाही. यंदा ती पाळी अक्कांची होती.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, तुमची मोठी आजी. गावात राहतात, मुलाबरोबर शेती बघतात. देवांना गाडीच्या कप्प्यात बसवायचं त्यांनीच ठरवलं होतं. गाडी नवी होती त्या वर्षी मी देवांची पेटी डिकीत ठेवलेली त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या की चपला आणि देव एका खोलीत कसे ठेवलेस? मागच्या सीटवर माणसांचे पाय लागतात. शेवटी त्यांनी समोरचा कप्पा उघडून बघितला, आतून हात फिरवला आणि म्हणाल्या, हे बरं आहे, देव्हाऱ्यासारखं आहे, दार आहे, कुलूपही आहे. दार म्हटल्यावर त्याची पूजा आली. तेव्हापासून दर येळवसीला देव निघताना किंवा पोचताना अक्का त्या झाकणाला हळदकुंकू लावत आल्या. उंबऱ्याला लावतात तसं. तेलात कालवलेली हळद, अगदी कुलपाच्या चकतीवर बरोबर मध्यभागी, आणि तिच्यावर कुंकवाचं बोट.

थोरले आजोबा, म्हणजे अक्कांचे यजमान, गेले तेव्हा देव आमच्याकडे होते. वर्षश्राद्धापर्यंत सण करायचे नसतात, त्यामुळे एक येळवस तशीच गेली आणि देव आमच्याकडेच राहिले. मग यंदाची येळवस जवळ आली तशी भावकीत कुजबुज सुरू झाली. आता देव कायमचे धाकट्याकडेच असू द्यावेत, तिथे सवाष्ण आहे, असं दोघातिघांनी आमच्या कानावर घातलं. तुमच्या आजोबांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, पाळी ज्यांची आहे त्यांच्याकडे देव जातील. सासऱ्यांनी ठरवलेलं बदलायला मी कोण? विषय तिथेच संपला असं मला वाटलं होतं.

तर येळवसीच्या सकाळी आम्ही दोघं कलबुर्गीहून, अक्कांच्या तोंडच्या गुलबर्ग्याहून, निघालो. गाडी मी चालवते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुमचे आजोबा शेजारी बसून फक्त सूचना देतात. देव मी यंदा नव्या, जाड टॉवेलमध्ये गुंडाळले होते. वाटेत खडखड नको म्हणून. कप्प्याचं झाकण गुडघ्याच्या जोराने दाबून लावावं लागलं, मग किल्ली फिरवली. किल्ली जरा जड गेली, पण गेली. कमलापूरला तांबडी केळी घेतली, हुमनाबादच्या अलीकडे एकदा थांबून पाणी प्यायलो, आणि ऊन तापायच्या आत शेतात पोचलो.

अक्का बांधावर उभ्या होत्या. पांढरी, बारीक निळ्या काठाची साडी, कपाळ मोकळं. आम्ही उतरलो तशा पुढे आल्या, माझा हात धरला आणि गाडीकडे बघत म्हणाल्या, "आधी देवाला उतरव. मग बोलू." विहिरीचं पाणी काढून तांब्याचं घंगाळ भरून ठेवलेलं होतं. खोपीत पांडव मांडलेले होते. खोपीच्या सावलीत आमच्या चुलत सासूबाई बसल्या होत्या. त्यांचं वय विचारलं की रागावतात, पण माझ्या लग्नातही त्या म्हाताऱ्याच होत्या.

मी दार उघडून वाकले आणि किल्ली लावली. ती अर्धीच आत गेली आणि अडली. काढून पुसली, पुन्हा लावली. आता अर्धीही जाईना.

"कामून गं? काय झालं?" अक्कांनी विचारलं.

"किल्ली जाईना, अक्का. सकाळी गेली होती."

तुमचे आजोबा आले. त्यांनी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं, धरणांचे दरवाजे उघडले-मिटले, आणि ते मला बाजूला व्हायला सांगताना तसेच दिसत होते. त्यांनी किल्लीवर पेन्सिलचं शिसं घासलं, फुंकर मारली, किल्ली उलटी लावून बघितली. धरणाच्या दरवाजाला निदान वर ओढायला साखळी असते, असं पुटपुटले आणि बाजूला झाले. मग पुतण्या, अक्कांचा मुलगा, आला. त्याचा स्वभाव बैलासारखा सरळ.

"काकू, पहार घालू का? एका दणक्यात निघतंय."

"पहार घालतोस?" अक्का मागून म्हणाल्या. "देवाच्या डोस्क्यात घालतोस व्हय रं? झाकणाला लागूनच बसलेत की ते."

ते खरं होतं. टाकांचा पत्रा इतका पातळ आहे की बोटाने दाबला तरी वाकतो, आणि माझं टॉवेलचं गाठोडं नेमकं कुलपाला चिकटून बसलं होतं. पुतण्याने हुमनाबादच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो त्याच्या मेव्हण्याच्या शेतात होता, पाठीमागे पोरांचा गलका ऐकू येत होता. तो म्हणाला की आज देव जरी आला तरी गॅरेज उघडणार नाही, उद्या सकाळी या. पुतण्या म्हणाला, देवच आलेत हो, तीच तर अडचण आहे. पण फोन बंद झाला होता. भालकीत एक जण होता, त्याने फोन उचललाच नाही. सांगितलं ना, येळवसीला बाजारात कुणी भेटत नाही.

एरवी मी म्हटलं असतं, उद्या काढू. पण मला अक्कांची काळजी होती. त्यांना बरीच वर्षं शुगर आहे. उन्हाळ्यात एकदा उपाशीपोटी राहिल्या आणि रांजणापाशी चक्कर येऊन पडल्या होत्या. तेव्हापासून डॉक्टरांनी बजावलं होतं की पोट रिकामं ठेवायचं नाही. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. गोळ्या पदराच्या गाठीत होत्या, पण त्या जेवल्यावर घ्यायच्या. मी केळं पुढे केलं. त्यांनी ते घेऊन खोपीतल्या पांडवांपुढे ठेवलं आणि परत येऊन बसल्या.

ऊन चढायला लागलं. जवळच्या शेतांतून फेऱ्या सुरू झाल्याचे आवाज आले, नंतर तेही थांबले, म्हणजे लोक जेवायला बसले. आमच्याकडे मडक्यात आंबील तशीच होती. त्या शांततेत चुलत सासूबाईंनी खोपीतूनच, कुणाकडे न बघता सांगितलं, "देवाला समदं कळतंय बाई. जिथं कुंकू, तिथं देव. आपण वढून न्यावं म्हटलं तर येतंय व्हय?"

पुतण्याने मान खाली घालून किल्ली या हातातून त्या हातात घेतली. मी अक्कांकडे बघितलं. त्यांना ते ऐकू आलं होतं. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि हळूच, जसं मीठ संपलंय असं सांगावं तसं म्हणाल्या, "जाऊ दे. घेऊन जा माघारी गुलबर्ग्याला. त्याला यायचं न्हाई माझ्याकडं. मला कालपासनंच वाटायलं होतं."

"अक्का, कुलूप अडकलंय."

"इतकी वर्सं अडकलं न्हाई. आजच कामून अडकलं?"

तुम्ही हसाल, पण मला तेव्हा त्यांच्याशी वाद घालता येईना. मी वाद घालून जिंकले असते तरी त्या जेवल्या नसत्या. कपाळ पुसल्यापासून त्यांनी घरातल्या कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता, हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं होतं. तो करंडा त्यांनी स्वतःच उचलून सुनेच्या हातात दिला होता. कुणी सांगायच्या आत. देव घरी येणार, पाळी आपली आहे, एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडची अजून कुणी उचललेली नव्हती. आणि आता त्या तीही स्वतःहून देऊन टाकत होत्या.

आजच का अडकलं, हे शोधून काढायला हवं होतं. मी सीटवर गुडघे टेकून बसले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि कुलपाच्या भोकात बघितलं. आत धातू दिसलाच नाही. तपकिरी काहीतरी होतं, डिंकासारखं चकाकणारं. पुतण्याला म्हटलं, पोती शिवायचं दाभण आण. दाभणाचं टोक हळूच आत घालून खरवडलं तेव्हा एक कपची निघून माझ्या तळहातावर पडली. वरून काळपट, आणि मोडल्यावर आतून पिवळी धमक. वास मात्र हळदीचा नाही, जुन्या फर्निचरसारखा.

तुमच्या आजोबांनी ती चष्मा वर करून बघितली, नखाने खरवडली, वास घेतला.

"करडई," ते म्हणाले.

"काय?"

"करडईचं तेल. वाळलं की व्हार्निश होतं. लाकडाला लावायचे पूर्वी. खोबरेल असतं तर असं झालं नसतं."

मग मला सगळं समजलं. आमच्या भागात घरच्या करडईचं तेल खातात, तेच दिव्याला, तेच पूजेला. अक्का दरसाल करडईच्या तेलात हळद कालवून कुलपावर लावत होत्या. दरवेळी थोडी आत झिरपत होती, वाळत होती, थर चढत होता. मागच्या वर्षी येळवस झाली नाही म्हणून किल्ली फिरली नाही, आणि दोन उन्हाळे ती हळद आत भाजून निघाली. सकाळी मी जोराने किल्ली फिरवली तेव्हा उरलंसुरलं सैल झालं असेल आणि घसरून वाट बंद झाली असेल.

पुतण्याने माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि तो मोठ्याने हसला. "माय, अगं तूच कोंडून घातलीस की देवाला! हळदीनं जाम करून टाकलंस कुलूप."

तो मनाने वाईट नाही, पण शब्द बाहेर पडले आणि बांधावर बसलेल्या अक्का तशाच दगडासारख्या बसून राहिल्या. मी ती कपची घेऊन त्यांच्याकडे गेले. शेजारी बसले. त्यांचा हात उलटा केला आणि कपची त्यांच्या तळव्यावर ठेवली.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

"तुमची हळद. गाडी घेतल्यापासूनची. दरसालची एकावर एक बसलीय."

त्यांनी ती बोटाने उलटीपालटी केली.

"तुम्ही विचारलंत ना, आजच का अडकलं म्हणून? ह्याच्यामुळे अडकलं. दुसरं काही नाही, अक्का. देव रुसून बसले असते तर कुलपात दुसरं काही निघालं असतं. निघाली ती तुमची हळद."

मी मनात म्हणत होते की ही इंग्रजी कॉलेजातली मांडणी झाली, त्यांना पटणार नाही. मग त्या म्हणाल्या, "तवाच्या हळदी हायत ह्या."

"हो."

"ते असतानाच्या."

"हो."

त्यांनी ती कपची पदराच्या गाठीत बांधली, गोळ्यांबरोबर. गुडघ्यावर हात रोवून उठल्या आणि गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "मग काढा की भावजी ती हळद. बघत काय बसलाव? उपाशी मारायलाव का मला?"

त्या उपाशी आहेत हे त्यांनी स्वतः कबूल केलं, त्याक्षणी माझा जीव भांड्यात पडला.

पुढचं काम सोपं होतं, फक्त धीराचं होतं. पुतण्याने ट्रॅक्टरच्या टाकीतून वाटीभर डिझेल काढलं. तुमच्या आजोबांच्या डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली माझ्या पर्समध्ये होती, तिच्यात डिझेल भरून मी थेंब थेंब कुलपात सोडलं. खाली फडकं धरलं. खोपीतून चुलत सासूबाईंनी विचारलं की देवाच्या अंगावर घासलेट ओतायलेत का? अक्काच म्हणाल्या, "घासलेट न्हाई, डिझेल हाय. आन् अंघोळ घालायचीच हाय की त्याला." थोडा वेळ मुरू दिलं, दाभणाने सैल केलं, कापूस गुंडाळून पुसलं, पुन्हा थेंब सोडले. फडक्यावर आधी काळं उतरलं, मग तपकिरी, मग शेवटी पातळ पिवळं. प्रत्येक वेळी अक्का फडकं हातात घेऊन बघायच्या आणि परत द्यायच्या.

किल्ली पूर्ण आत गेली. फिरलीही. पण झाकण उघडेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आतलं गाठोडं झाकणाला बाहेर ढकलतंय, त्यामुळे आतला आकडा ताणून धरलाय. झाकण आत दाबून धरायला हवं आणि त्याच वेळी किल्ली फिरवायला हवी. एकट्या माणसाच्या हातांचं काम नव्हतं. तुमचे आजोबा पुढे झाले. मी त्यांना थांबवलं.

"अक्का, तुम्ही दाबा."

त्या मागे सरकल्या. "मी? न्हाई गं. मी कशाला?"

"तुमचं दार आहे. तुम्हीच दाबा."

त्यांनी एकदा खोपीकडे बघितलं. मग साडीला हात पुसले आणि सीटवर, माझ्या शेजारी येऊन बसल्या. आम्ही दोघी त्या एका सीटवर कशा मावलो मला माहीत नाही. त्यांनी दोन्ही तळवे झाकणावर ठेवले आणि पोळपाटावर जोर द्यावा तसा जोर दिला. मी किल्ली फिरवली. आत काहीतरी खट्ट वाजलं. अक्कांनी हात काढले आणि झाकण अलगद खाली आलं. टॉवेलचं गाठोडं निम्मं बाहेर सरकलं, ते त्यांनी झेललं आणि पोटाशी धरलं.

मग खोपीतून चुलत सासूबाईंचा आवाज आला, "निघाले का देव? मग घाला की अंघोळ. आंबील आंबून चाललीय."

अक्कांनी देवांना विहिरीच्या पाण्याने अंघोळ घातली. पूर्वजाचा गुळगुळीत चेहरा अंगठ्याने पुसला. डिझेलचा वास आला असावा, कारण त्यांनी चिंचेने पुन्हा एकदा घासलं. मग गंध लावायची वेळ आली. करंडा सुनेकडे होता, आणि सून तो पुढे करायची का नाही अशी उभी होती. मी तो घेतला, उघडला आणि अक्कांपुढे धरला. काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी नाही म्हटलं असतं. त्यांनी देवांना हळद लावली, कुंकू लावलं. मग त्याच बोटांनी गाडीपाशी जाऊन झाकणाला लावलं. कुलपाची चकती सोडून, भोवतीनं, चारी बाजूंनी. चुलत सासूबाईंनी ते बघितलं. त्यांनी पदर सावरला आणि भज्जीच्या पातेल्याकडे बघायला लागल्या.

नैवेद्य झाला. पांडवांचा झाला. पुतण्याने आंबील शिंपडत फेरी मारली, आम्ही मागे आरोळ्या दिल्या, त्यांचा अर्थ मी आजवर कुणाला विचारलेला नाही. मग अक्का जेवायला बसल्या. पहिल्या उंड्यानंतर पदराची गाठ सोडून गोळी घेतली. गाठ पुन्हा बांधताना ती पिवळी कपची त्यांनी काळजीने आत ठेवलेली मला दिसली. दुसरी वाटी आंबील त्यांनी मागून घेतली. मी तेवढंच बघत होते.

निघताना मी झाकण लावून बघितलं. कुलूप आता फिरत होतं, पण पुन्हा कधी दगा देईल सांगता येईना. तुमचे आजोबा म्हणाले, नवं बसवून घेऊ. अक्का म्हणाल्या, "नगं. काढून टाका ते. पुढच्या येळवसीला मी परत लावणार हाय, परत अडकंल. देवाला कुलूप कशाला पाहिजे? पळून जायलेत व्हय ते?" मग त्यांनी घरातून जुन्या परकराची लाल नाडी आणवली. पुतण्याने कुलूप काढल्यावर राहिलेल्या भोकातून ती ओवली आणि कुलपाचा आकडा जिथे अडकायचा त्या वरच्या कडीला गाठ मारली. तशी सुरगाठ मारता येत नव्हती मला, एका बाजूने ओढली की सुटते.

देव आता हळ्ळीखेडला आहेत. नाडी मी सोडून पुन्हा तशीच बांधायला शिकले आहे. पिवळे डाग घालवायला तुमच्या वडिलांनी मागे कसलंसं लिक्विड पाठवलं होतं. ते मी स्वयंपाकघरातल्या कपाटात, मागच्या बाजूला ठेवून दिलं आहे.